नसलेल्या कराच्या भीतीने घर देऊन टाकू नका

प्रश्न : मी 66 वर्षांची, नागपूरला प्रतापनगरात राहते. हे वीज खात्यातून निवृत्त झाले, आता 71 चे आहेत. मुलगा-सून आमच्यासोबतच असतात. मुलगी डॅलसला आहे, तिला तिकडचं नागरिकत्वही मिळालं. घर ह्यांच्या नावावर आहे. प्लॉट 1988 चा, बांधकाम त्यानंतर दोन वर्षांनी झालं. काटोलजवळ सासऱ्यांनी स्वतः घेतलेला साडेचार एकरांचा संत्र्याचा बगीचा आहे. सासू-सासरे दोघंही आता नाहीत. सातबाऱ्यावर ह्यांच्यासोबत माझ्या दोन्ही नणंदांची नावं आहेत, पण ‘आम्हाला काही नको’ असं त्या नेहमी म्हणतात. शिवाय एफडी आहेत, थोडे म्युच्युअल फंड आहेत. मध्यंतरी एका सल्लागाराने इथे सीताबर्डीवर एका हॉटेलात माहितीसत्र ठेवलं होतं. वारसा कर परत येतोय, त्याआधी घराचं मुलाच्या नावे बक्षीसपत्र करा, बगीचा मुलीच्या नावे करा, राहिलेल्याचा ट्रस्ट करा, असा त्यांचा सल्ला आहे. फी एकूण मालमत्तेच्या एक टक्का. ह्यांना ते पटलंय, पुढच्या महिन्यात सह्या करायच्या म्हणतात. मला मात्र झोप लागत नाही. आम्ही नेमकं कोणाकडे जावं आणि काय विचारावं?

उत्तर :

ताई, सह्या थांबवा. महिनाभर थांबल्याने तुमचं एका रुपयाचंही नुकसान होणार नाही. सही झाली, तर मात्र ती परत घेणं फार कठीण जाईल.

आज आपल्या देशात वारसा कर नाही. पूर्वी होता. 1953 च्या कायद्याने ‘इस्टेट ड्यूटी’ या नावाने तो आला, वरच्या टप्प्यात त्याचा दर 85 टक्क्यांपर्यंत गेला, आणि 1985 मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना तो बंद झाला. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचे सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतल्या वारसा कराचा उल्लेख केला आणि त्यावर मोठं वादळ उठलं. तेव्हापासून ‘कर परत येतोय’ हे मेसेज फिरताहेत आणि त्या भीतीवर काहींचा धंदा उभा राहिला आहे. उद्याचं सरकार काय करेल हे तुम्हालाही ठाऊक नाही, मलाही नाही आणि हॉटेलात बोलणाऱ्या त्या गृहस्थांनाही नाही. पण जुन्या कायद्यातली एक गोष्ट त्यांनी सांगितली नसणार. मृत्यूच्या आधीच्या दोन वर्षांत दिलेल्या भेटीसुद्धा तेव्हा मालमत्तेत मोजल्या जायच्या. घाईघाईने बक्षीसपत्र केलं की कर चुकला, इतकं ते तेव्हाही सोपं नव्हतं.

आता आजचं बोलू. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने जे मिळतं ते घेणाऱ्याचं उत्पन्न धरलं जात नाही. आईवडिलांनी हयातीत दिलेली भेटही धरली जात नाही, रक्कम कितीही असो. 1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला, कलमांचे आकडे बदलले, पण ही सूट आहे तशीच आहे. कर लागतो तो पुढे, मालमत्ता विकताना. तिथेही बक्षीसपत्राचा काडीचा फायदा नाही. घर भेट मिळालेलं असो की वारशाने आलेलं, नफा मोजताना खरेदीची किंमत धरतात ती मूळ मालकाची, म्हणजे तुमच्या यजमानांची. मुलाने आज बक्षीसपत्राने घर घेऊन दहा वर्षांनी विकलं काय किंवा मृत्युपत्राने घेऊन विकलं काय, भांडवली नफ्याचा हिशेब एकच. मग एक टक्का कशासाठी मोजायचा?

कराचं खरं काम म्हणाल तर ते वेगळंच आहे, आणि ते तुमच्या हयातीत होण्यासारखं आहे. 1 एप्रिल 2001 च्या आधी घेतलेल्या मालमत्तेला मूळ खर्चाऐवजी त्या दिवशीची बाजारकिंमत धरता येते. फक्त ती त्या दिवशीच्या सरकारी दरापेक्षा जास्त धरता येत नाही. समजा, प्लॉट आणि बांधकाम मिळून तुमचा खर्च 3 लाख झाला होता आणि 2001 ची किंमत 12 लाख निघाली. पुढे घर दीड कोटीला विकलं. साडेबारा टक्क्यांच्या दराने, 3 लाख धरले तर कर 18 लाख 37 हजार 500 रुपये; 12 लाख धरले तर 17 लाख 25 हजार. उपकर वगैरे वेगळा. फरक लाखाच्या वर गेला, आणि तो कशावर अवलंबून? नोंदणीकृत मूल्यांकनकाराच्या एका अहवालावर, आणि प्लॉटचं खरेदीखत, मंजूर नकाशा, बांधकामाची बिलं जपून ठेवण्यावर. ह्या कागदांची फाइल कुठे आहे ते आज घरात फक्त तुमच्या यजमानांना माहीत असेल. तेवढं काम या आठवड्यात करा. मूल्यांकनाचा अहवाल पुढे विक्रीच्या वेळी करून घेतला तरी चालतो.

बक्षीसपत्राबद्दल अजून थोडं, कारण सल्लागारांचा सगळा जोर त्यावरच दिसतो. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेती नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, वर स्थानिक अधिभार. हे खरं आहे, आणि स्वस्त आहे म्हणूनच लोक भुलतात. पण नोंदणीकृत बक्षीसपत्र झालं की घर तुमचं राहत नाही. तुम्ही तिथे राहाल ते मुलाच्या मर्जीवर. तुमचा मुलगा चांगलाच असेल, त्याच्याविषयी मला शंका घ्यायची नाही. पण घर त्याच्या नावावर गेलं की त्याच्या कर्जाला ते तारण जाऊ शकतं. त्याच्या धंद्यातल्या देण्यासाठी ते जप्त होऊ शकतं. देव करो आणि तसं न होवो, पण तो तुमच्याआधी गेला, तर घर त्याच्या वारसांत वाटलं जाईल. त्या वारसांत आई म्हणून तुम्ही असाल, पण ज्यांना आधी वाटा मिळतो त्या पहिल्या वर्गाच्या वारसांत वडील नसतात. म्हणजे ज्यांनी घर बांधलं त्यांचाच त्यात वाटा नसेल. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याने, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळवता येते. पण त्यासाठी ती अट असायला हवी, आणि मग सत्तरीत न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढायला हव्यात. नसलेला कर वाचवायला हे ओढवून घेऊ नका.

आणि ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. घर मुलाला, बगीचा मुलीला, राहिलेलं ट्रस्टला. तुम्ही कुठे आहात? यजमान 71 चे, तुम्ही 66 च्या. साधा हिशेब केला तरी काही वर्षं तुम्ही एकट्या असण्याची शक्यता आहे. त्या वर्षांत घर कोणाचं, एफडीवर सही कोणाची, औषधपाण्याला कोणापुढे हात पसरायचा, हे प्रश्न आधी सुटले पाहिजेत. मुलांचं नंतर. यात मुलांवर अविश्वास नाही. उलट आईचं नीट लावून दिलेलं असलं की बहीण-भावांत पुढे बोलायला जागा राहते.

म्हणून तुम्हाला हवंय ते मृत्युपत्र, दोघांचं, वेगवेगळं. ते नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे यजमानांच्या पश्चात त्यांची मालमत्ता तुम्ही, मुलगा आणि मुलगी यांच्यात सारखी तीन भागांत जाईल; राहत्या घरात तुमचा एक तृतीयांश. मृत्युपत्रात तुमच्यासाठी काय लिहिलं जातं ते डोळ्यात तेल घालून वाचा. ‘सदर घर माझ्या पश्चात माझी पत्नी हिला पूर्ण मालकी हक्काने मिळावे’ हे एक वाक्य. ‘माझी पत्नी हिला सदर घरात हयातीपर्यंत राहण्याचा हक्क राहील व तिच्या पश्चात घर मुलाचे होईल’ हे दुसरं. वाचायला दोन्ही प्रेमाची वाटतात. पहिल्यात घर तुमचं : भाड्याने द्या, विका, ज्याला हवं त्याला ठेवा. दुसऱ्यात तुम्ही फक्त राहू शकता; आजारपणात घर विकून पैसा उभा करायची वेळ आली तर हात बांधलेले. माझं मत विचाराल तर पहिलं वाक्य घाला, आणि तुमच्या स्वतःच्या मृत्युपत्रात ते पुढे कोणाला जावं ते तुम्ही लिहा. सोबत ‘ती माझ्याआधी निवर्तल्यास’ ही ओळही असू द्या. ती बरेचजण विसरतात.

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीही सक्तीची नाही. तरी दुय्यम निबंधकाकडे ती करून घ्या. दोन साक्षीदार लागतात. ज्यांना त्यात काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका, आणि साक्षीदार वयाने लहान, नागपुरातच राहणारे निवडा, म्हणजे गरज पडल्यास ते सापडतील. त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा की यजमान पूर्ण शुद्धीत आणि समजून सही करताहेत. मुंबईत पूर्वी होती तशी प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याची, सक्ती नागपुरातल्या हिंदू कुटुंबाच्या, इथल्याच मालमत्तेच्या मृत्युपत्राला नव्हतीच, तेव्हा कोणी त्या नावाने घाबरवत असेल तर तेही मनावर घेऊ नका. बँकेत आणि फंडात नॉमिनी नेमलेला आहे म्हणून काम झालं असंही समजू नका. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत हे पुन्हा स्पष्ट केलं. नॉमिनी आणि मृत्युपत्र एकमेकांशी जुळतील असं करा, म्हणजे वादाला तोंडच फुटणार नाही.

बगीच्याचं सांगायला मला सगळ्यात जास्त जागा लागणार आहे, कारण सल्लागारांचा सगळ्यात चुकीचा सल्ला तिथेच आहे.

एक म्हणजे, तो बगीचा पूर्ण तुमचा नाही. सासऱ्यांची स्वकष्टार्जित जमीन, ते आणि सासूबाई मृत्युपत्र न करता गेले असतील, तर तिन्ही भावंडांचा हिस्सा सारखा. साडेचार एकरांत यजमानांचा दीड. तेवढाच ते कोणालाही देऊ शकतात, तो मात्र मनाप्रमाणे देऊ शकतात, कारण वडिलांकडून असा आलेला हिस्सा त्यांची स्वतःची मालमत्ता ठरतो. ‘आम्हाला काही नको’ हे नणंदांचं बोलणं मायेचं आहे, पण कायद्यात त्याला किंमत नाही. त्या गेल्या की त्यांचे हिस्से त्यांच्या मुला-नवऱ्याकडे जातील, आणि भाच्यांनी मामाला तसा शब्द दिलेला नाही. नणंदांची खरोखर इच्छा असेल तर त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं; नात्यातल्या, मोबदला न घेता केलेल्या अशा दस्ताला मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. त्यानंतर तलाठ्याकडे फेरफार करून सातबारा दुरुस्त करून घ्यावा. पण ‘खरोखर इच्छा असेल तर’ हे मी मुद्दाम लिहिलं. मुलींचा हिस्सा हा त्यांचा हक्क आहे. आंबिया बहाराच्या संत्र्यांच्या दोन पेट्या दरवर्षी पाठवल्याने तो फिटत नाही. त्यांना नीट विचारा, त्यांच्या वकिलाला कागद दाखवू द्या, आणि ‘हो, आम्हाला आमचा वाटा हवा’ असं उत्तर आलं तरी मनात काही ठेवू नका.

दुसरं, मुलीच्या नावे बगीचा ‘करता’ येतच नाही. ती अमेरिकेची नागरिक आहे. परकीय चलनाच्या नियमांप्रमाणे अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआय कार्डधारकाला (परदेशी नागरिकत्व असलेल्या मूळ भारतीयाला) शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसही घेता येत नाही. वारशाने किंवा मृत्युपत्राने मात्र घेता येते. म्हणजे जो सल्ला तुम्हाला पैसे घेऊन दिला जातोय, तो दस्त बेकायदा ठरला असता. वारशाने आलेली शेती पुढे तिला विकायची झाली तर घेणारा भारतात राहणारा हवा, आणि आपल्याकडच्या कुळकायद्याप्रमाणे शेतकरी हवा. मृग बहार धरायचा की आंबिया, फवारणी कधी करायची, हे डॅलसहून होणारं काम नाही. मुलगा बगीचा बघत असेल तर यजमानांचा हिस्सा त्याला जावा आणि मुलीला तेवढ्याच मोलाचं दुसरं काही द्यावं, असं मला वाटतं. काटोलसारख्या एक लाखाच्या आतल्या वस्तीच्या नगरपरिषदेच्या हद्दीपासून 2 किलोमीटरच्या बाहेर जमीन असेल, तर ती विकल्यावर भांडवली नफ्याचा करही लागत नाही. अंतर सरळ रेषेत मोजतात, रस्त्याने नाही. तुमची जमीन कुठे पडते ते मोजून ठेवा.

मुलीच्या बाबतीत अमेरिकेचा कायदा बघावा लागेल, आणि हे नागपुरातले फार थोडे सल्लागार विचारात घेतात. भारतात राहणाऱ्या आईवडिलांकडून भारतातली मालमत्ता वारशाने मिळाली म्हणून तिला तिकडे कर भरावा लागत नाही. पण एका वर्षात एक लाख डॉलरच्या वर भेट किंवा वारसा मिळाला, तर 3520 नावाचा फॉर्म भरून कळवावं लागतं. तो न भरल्याचा दंड रकमेच्या पाव हिश्शापर्यंत जाऊ शकतो. कर शून्य आणि दंड लाखोंचा, असं होऊन बसतं. तुमच्या एफडीवर ‘सोयीसाठी’ तिचं नाव संयुक्त लावलं असेल तर आजच विचार करा : तिच्या परदेशी खात्यांची बेरीज वर्षात कधीही 10 हजार डॉलरच्या पुढे गेली, तर ती खाती तिला दरवर्षी तिकडे जाहीर करावी लागतात. आणि भारतीय म्युच्युअल फंड तिला ठेवू नका. तिकडच्या करखात्याकडे त्यांचे नियम फार कडक आहेत, प्रत्येक फंडाचा वेगळा फॉर्म लागतो. फंड मुलाला, रोख ठेवी मुलीला, हे दोघांच्याही सोयीचं. ठेवींचे पैसे तिला एनआरओ खात्यातून (परदेशी राहणाऱ्यांच्या इथल्या रुपयांच्या खात्यातून), सीएचा दाखला जोडून, वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत नेता येतात, तुमच्या बाबतीत ती मर्यादा पुरेशी आहे. आणखी एक : घरात तिला वाटा ठेवायचा असेल तर तो हयातीत बक्षीस देण्यापेक्षा मृत्युपत्राने द्या. वारशाने आलेल्या मालमत्तेची किंमत अमेरिकेत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरतात, भेटीला मात्र देणाऱ्याचीच जुनी किंमत चिकटते. हे सगळं तिने तिच्या अकाउंटंटकडून पक्कं करून घ्यावं.

ज्या वाचकांची मुलं इंग्लंडात आहेत त्यांनीही विचारलं होतं, म्हणून दोन ओळी. तिथला वारसा कर सव्वातीन लाख पौंडांच्या वर 40 टक्के आहे, पण तो मृताच्या मालमत्तेवर लागतो, घेणाऱ्यावर नाही. नागपुरातच आयुष्य काढलेल्या आईवडिलांच्या इथल्या घरावर मुलगा लंडनला आहे म्हणून तो लागत नाही. मात्र मुलगा स्वतः तिथे वीसपैकी दहा वर्षं राहिला असेल, तर त्याच्या पश्चात त्याची जगभरातली मालमत्ता मोजली जाऊ शकते. त्याने तिथल्या वकिलाशी बोलावं.

आता कोणाकडे जायचं ते. तुम्हाला दोन माणसं हवीत : जमिनीचे कागद आणि दिवाणी कामं करणारा वकील, आणि अनिवासी भारतीयांची विवरणपत्रं भरणारा सीए. वकिलाची सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची असते, क्रमांक विचारायला संकोचू नका. वकिलाला दाव्यातल्या मालमत्तेत हिस्सा घेता येत नाही आणि जाहिरात करून पक्षकार गोळा करता येत नाहीत. त्यामुळे हॉटेलातलं सत्र आणि एक टक्का फी या दोन गोष्टींवरूनच ते गृहस्थ वकील म्हणून बोलत नव्हते हे कळायला हवं. कामाची ठरावीक रक्कम आधी बोला आणि ती लिहून घ्या. पैशांची अडचण असेल तर सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळतं, आणि तुम्ही स्वतः जाऊ शकता.

पहिल्या भेटीला खरेदीखत, घराची आखीव पत्रिका (नगर भूमापनाचा उतारा), बगीच्याचा सातबारा आणि सगळे फेरफार, सासू-सासऱ्यांचे मृत्यूचे दाखले, ठेवींची यादी नॉमिनीच्या नावांसकट न्या. प्लॉट नागपूर सुधार प्रन्यासच्या (नासुप्र) लीजवर, म्हणजे भाडेपट्ट्यावर असेल तर लीजचा दस्त नक्की न्या, त्यातल्या हस्तांतराच्या अटी वकिलाने वाचायला हव्यात. आणि विचारा : यजमानांचा बगीच्यातला हिस्सा किती, हे कागदावरून सिद्ध होतं का? मृत्युपत्रात माझ्या नावे पूर्ण मालकी लिहिताय की हयातीचा हक्क? आम्हाला ट्रस्टची गरज आहे का, असली तर कशासाठी? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘कर वाचतो’ असं आलं तर उठा आणि दुसरा वकील बघा. ट्रस्ट लागतो तो घरात स्वतःचा व्यवहार पाहू न शकणारं मूल असेल, किंवा तशीच काही अडचण असेल तेव्हा. तुमच्या पत्रात तसं काही दिसलं नाही.

मृत्युपत्राच्या मजकुरावर बोलताना मुलगा-सून खोलीत नसावेत. यजमानांनी वकिलाशी थोडा वेळ तुमच्याशिवायही एकट्याने बोलावं. पुढे कधी ‘दबावाखाली करून घेतलं’ असा आरोप झाला तर ही गोष्ट उपयोगी पडते.

आणि यजमानांना कसं समजवायचं, हा तुमच्या पत्रात न लिहिलेला प्रश्न. मुलांसाठी सगळं आपल्या डोळ्यांदेखत लावून द्यावं, या काळजीने ते सह्या करायला निघालेत. ती काळजी रास्तच आहे, तिच्याशी भांडू नका. त्यांना एवढंच म्हणा की, ‘मृत्युपत्र करू, ते हवं तेव्हा बदलता येतं,’ आणि वकिलाची वेळ ठरवून त्यांना सोबत घेऊन जा. बगीच्याच्या दस्ताबद्दल त्यांना वकिलाच्या तोंडून ऐकू द्या. तुमच्यापेक्षा त्याचं ते लवकर ऐकतील. नणंदांशी मात्र तुम्हीच बोला, आणि वकिलाकडे जाण्याच्या आधी बोला.